घाटात गाडी दम टाकायली, इंजिन खोलू का?

माजलगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. मोठं आहे, मी कमी करून टाकतो: "माझ्याकडं २००७ ची बोलेरो डीआय आहे, रनिंग २ लाख ८० हजार. आईला महिन्यातून एकदा अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागतं, धारूर घाटातून. आधी तिसऱ्यावर चढायची तिथं आता दुसऱ्यावर पण रडती, अन् मागं काळा धूर इतका की परवा मागचा मोटारसायकलवाला शिवी हासडून पुढं गेला. सपाटीला ८० पर्यंत जाते. सकाळी एका सेल्फला चालू होते. दिवाळीत क्लचप्लेट बदलली. एक मिस्त्री म्हणतो इंजिन बसलं, ६० हजार लागतील. दुसरा म्हणतो डिझेलचा पंप काढा. मेव्हणे म्हणतात उन्हानं होतंय, पाऊस पडला की नीट होईल. पीयूसी तर पास आहे. आधी रेस दिली की बारीक शिटी वाजायची, आता नुसतं फुस्स होतं, पण ते जाऊ द्या. इंजिन खोलू का?"

दादा, नका खोलू. निदान या महिन्यात तर नकोच.

आणि "ते जाऊ द्या" म्हणून तुम्ही जे शेवटाला ढकललंय ना, तेच तुमच्या अख्ख्या पत्रातलं कामाचं वाक्य आहे. त्याच्याकडं येतोच, पण आधी तुमच्या त्या पहिल्या मिस्त्रीचं बघू, कारण साठ हजाराचा घोर तिथं आहे.

डिझेल इंजिनाला प्लग नसतो, ठिणगी नसते. पिस्टन वर येतो, हवा दाबतो, त्या दाबानं हवा इतकी तापते की त्यात डिझेल फवारलं की ते आपसूक पेटतं. आता पिस्टनच्या रिंगा घासल्या, पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते लायनर खाल्ले गेले, वॉल्व्ह बसंना झाले की हा दाबच तयार होत नाही, आणि दाब नाही म्हणजे सकाळच्या गारठ्यात गाडी चार-चार सेल्फ खाते, मागून पांढरा धूर काढते, बॅटरी उतरते, मग चार पोरं गोळा करून धक्का मारावा लागतो. तुमची गाडी एका सेल्फला उठती. बसलेलं इंजिन असं उठत नाही हो. शंभर टक्के नाही म्हणत मी, पण इंजिनावर संशय घ्यायचा तर तो सगळ्यात शेवटी, पहिल्यांदा नाही.

मेव्हण्यांचं पण एकदम चूक नाही. गरम हवा पातळ असते, २० डिग्रीच्या हवेपेक्षा ४२ डिग्रीची हवा साधारण ७ टक्के पातळ, तेवढा प्राणवायू कमी, तेवढी ओढ कमी. पण सात टक्क्यानं गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येऊन वर परत रडत नाही. मेव्हण्यांना मान द्या आणि पुढं चला.

आता एक माझी फजिती सांगतो, कारण तीच तुमची पहिली तपासणी आहे. बरीच वर्षं झाली, मी तेव्हा स्वतःचं गॅरेज चालवायचो, एक गुरुजी त्यांची जीप घेऊन आले, हेच दुखणं, चढाला ओढंना. धूर नाही, आवाज नाही, काही नाही, फक्त जोर नाही. मी फिल्टर बदलले, नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारतात ते, चेक करून आणले, शेवटी पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून सेट करायला पाठवला, आठ दिवस गाडी उभी. पंप आला, बसवला, गाडी तशीच. मग डोक्याला हात लावून बॉनेटपाशी उभा राहिलो आणि पोराला म्हणलं आत बसून पाय पूर्ण दाब. त्यानं दाबला, आणि अ‍ॅक्सिलेटरच्या केबलनं ओढला जाणारा पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूपर्यंत पोचायच्या बोटभर आधीच थांबला. आत डोकावून बघतो तर गुरुजींनी नवीन जाड मॅट टाकलेली, पेडल त्या मॅटवरच टेकायचं! मॅट काढली, लिव्हर स्क्रूला टक्कन लागला, गाडी वाऱ्यासारखी. गुरुजी काही बोलले नाहीत, नुसते हसले, त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. कॅलिब्रेशनचे पैसे मी घेतले नाहीत.

तर तुम्ही पण एवढंच करा. इंजिन बंद, कुणालातरी आत बसवा, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबायला लावा आणि पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का डोळ्यानं बघा. टेकत नसेल तर मॅट, नाहीतर केबल ढिली झालीय. तो शेवटचा स्क्रू मात्र फिरवायचा नाही, कुणी कितीही म्हणलं तरी, तो कंपनीनं सेट करून सील केलेला असतो.

तुमचं केबलचं असेल असं मला वाटत नाही, का, तर धूर. गुरुजींच्या जीपला धूर नव्हता. धूर हा प्रकार लई बोलका असतो, फक्त कुठला रंग ते नीट बघायचं. धूरही नाही आणि जोरही नाही म्हणजे डिझेल पोचत नाही, केबल किंवा फिल्टर किंवा टाकी. इंजिन गरम झाल्यावर पण पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर म्हणजे डिझेल जातंय पण जळत नाही, डिझेल फवारायचं टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे तो वर सांगितलेला हवेचा दाब. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. आणि तुमच्यासारखा काळा म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी.

चुलीचं बघा. चुलीत पऱ्हाट्या कोंबल्या आणि फुंकणी सापडत नाही, मग काय होतं, घरभर धूर, भाकरीला जाळ नाही. तुमच्या गाडीतला पंप जुन्या पद्धतीचा आहे, त्याच्या डोक्यात कॉम्प्युटर नाही, तुम्ही पाय दाबला की तो पऱ्हाट्या कोंबत राहतो, फुंकणी चालू आहे का बंद हे त्याला कळत नाही. ती फुंकणी म्हणजे टर्बो, आणि टर्बोनं दाबलेली हवा इंजिनापर्यंत नेणारे रबरी होज. सपाटीला, कमी लोडला, टर्बोची फार गरजच पडत नाही, म्हणून तिथं तुम्हाला सगळं ठीक वाटतं. घाटात लोड आला की इंजिन हवा मागतं आणि हवा मधेच कुठंतरी निसटती. फुस्स.

आधीची ती बारीक शिटी टर्बोची होती. कळलं का आता, ते फुस्स का महत्त्वाचं?

पीयूसीचं पण इथंच सांगून टाकतो. पीयूसीला गाडी उभी असते, न्यूट्रलला रेस देऊन धूर मोजतात. तुमची गाडी धूर काढती घाटात, माणसं भरलेली असताना. म्हणून पीयूसी पास झाली ही चांगलीच गोष्ट, पण तिच्यावरून घाटातलं दुखणं नाही असं काही ठरत नाही.

बरं, आता हाताला काम. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना बॉनेट उघडा. आधी एअर फिल्टर काढा. तुमच्याकडं उसाच्या गाड्या चालतात, त्यात रस्त्याचं काम कुठंतरी चालूच, फिल्टर बाहेरून बरा दिसला तरी आत टॉर्च धरून अंधारात बघा, उजेड बाहेर दिसत नसेल तर बदलूनच टाका, काही शे रुपयांची वस्तू आहे. बरेच जण कॉम्प्रेसरची हवा बाहेरून जोरात मारतात, त्यानं धूळ कागदात अजून घट्ट बसती, कधी कागद फाटतो. मारायचीच तर आतून बाहेर, हलकी. आणि डब्यात पण हात घाला. गाडी कडब्याच्या गंजीपाशी लावत असाल तर उंदरानं आत कापूस, चिंध्या नेऊन घरटं केलेलं मी एकदा नाही, तीनदा बघितलंय. "फिल्टर काढून चालवून बघू" असं मात्र अजिबात करू नका. टर्बोची पाती लाखाच्या घरात आरपीएमनं फिरतात, एक खडा आत गेला की काम तमाम, आणि बारीक धूळ गेली तर तुमचा तो पहिला मिस्त्री सहा महिन्यांनी खरा ठरंल.

फिल्टरनंतर होज. दोन वेगळे आहेत आणि दोघांची खोडी वेगळी. एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोकडं येणारा जो असतो, त्यातून टर्बो हवा ओढून घेतो. हा जुना झाला की आतलं अस्तर सुटतं, आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, सगळं झकास, पण रेस दिली की ओढीनं होज आतल्या आत चपटा होतो, रेस सोडली की परत गोल. बंद गाडीत हा दोष दिसतच नाही. म्हणून कुणालातरी रेस द्यायला लावून लांबून बघायचं, हात पंख्यापासून, पट्ट्यापासून लांब, गळ्यातला गमछा काढून ठेवायचा. हसू नका, गमछा पट्ट्यात गेलेला मी बघितलाय.

दुसरा होज टर्बोपासून इंजिनाकडं जाणारा, तुमच्या गाडीला इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारी जाळी, असेल तर त्याच्या आधी आणि नंतर असे दोन तुकडे. इथं दाबाची हवा असते, म्हणून इथं भेग पडली की हवा बाहेर पडती आणि तुमचं ते फुस्स तयार होतं. ही भेग वरून दिसत नाही. रबर नेहमी खालच्या अंगाला, बेंडपाशी किंवा क्लॅम्पच्या काठाला फाटतं, बंद असताना ओठ मिटल्यासारखी मिटलेली असती आणि दाब आला की तोंड उघडती. हात खालून घाला, होज पिळा, वाकवा. होजच्या आत ऑइलचा हलका थर असणं चालतं, घाबरायचं काम नाही, पण बाहेरून एकाच जागी तेल आणि धूळ मिळून काळं किटण साचलं असेल तर समजा हवा तिथूनच निसटायली. क्लॅम्प पण बघा, आणि इथं माझ्या मनात एक आहे ते बोलतो: दिवाळीत क्लचचं काम झालं, गिअरबॉक्स उतरवला, त्या वेळी वरचं काहीतरी ढिलं केलं असेल, परत बसवताना क्लॅम्प अर्धवट राहिला असेल. दोष द्यायचा म्हणून नाही सांगत. पण कुठल्याही गाडीत दुखणं शोधताना पहिला प्रश्न हाच, की दुखणं सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचा हात कुणी कुठं लावला. तुम्ही पत्रात ते लिहिलंय, मात्र दुखणं दिवाळीआधीचं का नंतरचं ते नाही लिहिलं. आठवून बघा.

होज काढलाच आहे तर टर्बोत बोट घाला, इंजिन बंद आणि गार, हे परत सांगायलोय. पंखा बोटानं फिरवा, मऊ फिरला पाहिजे, कुठं घासायला नको. शाफ्ट किंचित आजूबाजूला हलतो, ते चालतं, त्यात ऑइलची फिल्म असती. पण पुढं-मागं खटखट हलत असेल किंवा पात्यांची टोकं खाल्लेली, बॉडीला घासलेली दिसली तर टर्बो गेला, तिथं दुसरं मत घ्यायची पण गरज नाही. टर्बो गेला म्हणजे नवाच घ्या असं नसतं, चांगल्या माणसाकडं रिपेअर होतो. आणि इथून पुढं घाट चढून वर आलात की लगेच चावी बंद करायची नाही, एक मिनिट आयडलला राहू द्या, टर्बोला ऑइल मिळत राहतं, निवायला वेळ मिळतो.

इथपर्यंत सगळं चांगलं निघालं तर मग डिझेलकडं. तसं काळ्या धुराला डिझेल कमी पडणं जुळत नाही, पण तुम्ही ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल साठवता असं पत्रात मधे एका ठिकाणी आलंय, त्यातलंच गाडीत टाकता का? प्लास्टिकच्या ड्रमात पाणी साचतं, तळाला गाळ बसतो. डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं काढा, पंधरा मिनिटं ठेवा, खाली पाण्याचा थर दिसला तर उत्तर मिळालं. अजून एक फुकटची गोष्ट, गाडी ओढंना झाली की बाजूला घ्या आणि टाकीचं झाकण उघडा. स्स्स करून हवा आत गेली आणि पुढचा चढ गाडी बरी चढली तर झाकणाचं भोक बुजलंय.

क्लच नवीन आहे तरी एकदा बघून घ्या, सपाट मोकळ्या जागेत, समोर कुणी उभं नको. हँडब्रेक ओढा, पायानं पण ब्रेक दाबा, तिसरा टाका, क्लच हळू सोडा. इंजिन गप्पकन बंद पडलं पाहिजे. बंद न पडता फिरतच राहिलं तर क्लच सरकतोय. एकदाच करायचं, सारखं करून नवी प्लेट जाळू नका. आणि चार-पाच किलोमीटर फारसा ब्रेक न मारता चालवून आल्यावर चारी चाकांच्या ब्रेकजवळ हाताची मागची बाजू न्या, लावू नका, नुसती जवळ न्या. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर ब्रेक धरायलाय, इंजिन बिचारं उगाच बदनाम.

सायलेन्सर. बाहेरून आख्खा, आतून जाळ्या तुटून वाट अडवलेली, असंही होतं. लाकडाच्या दांड्यानं हलकं ठोकून बघा, आत खडखडलं तर संशय घ्या.

नोझल त्यानंतर. थेंब-थेंब गळणारं नोझल काळा धूर काढतं हे खरं, चारी काढून टेस्टिंगला द्या, फवारा डोळ्यानं बघा, गिऱ्हाइकाला उभं राहू देत नाहीत अशा ठिकाणी देऊच नका. कुठलं नोझल सुस्त आहे ते ओळखायला मिस्त्री आयडलला एकेक पाइपचा नट ढिला करून बघतात, ज्याचा नट ढिला केल्यावर इंजिनाचा आवाज बदलतच नाही तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. पण हे मिस्त्रीलाच करू द्या, डिझेल जोरात उडतं, बोट समोर धरलं तर कातडीत घुसतं. आणि कुणी कॉमन रेलवाली, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं डिझेल फवारणारी नवी गाडी असलेला हे वाचत असेल तर त्यानं हा प्रयोग डोक्यातून काढून टाकावा, तिथं १००० बारच्या वर प्रेशर असतं, ती धार चेष्टा नाही. टॅपेट सेटिंग, म्हणजे वॉल्व्हची फट बरोबर करणं, पण याच फेरीत करून घ्या, इतक्या रनिंगला कधी केलंय का तेच माहीत नसतं लोकांना. पंप उतरवायचा तो या सगळ्यानंतर.

आणि एवढं करून पण गाडी रडलीच, तरच इंजिन. त्यातही खोलायच्या आधी दोन गोष्टी. गरम इंजिन आयडलला चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण हळूच उघडा. थोडी वाफ येणारच, पण चुलीवरच्या धुरासारखे भकभक लोट आले, डिपस्टिक वर उचलली जायली, तर रिंगा गेल्यात. आणि कॉम्प्रेशन गेजनं चारी सिलिंडर मोजून आकडे कागदावर लिहून मागा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते बघायचं. तीन सारखे आणि एक पडलेला असेल तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट असू शकतं, अख्खं इंजिन खोलून रिंगा-लायनर करायचं कारण नाही. जो मिस्त्री गेज न लावता, झाकण न उघडता साठ हजार सांगतो त्यानं बहुतेक गाडीकडं न बघता २ लाख ८० हजाराच्या मीटरकडं बघितलंय. या इंजिनांना ऑइल वेळेवर मिळालं तर याच्या पुढं पण जातात, आमच्याकडं वडापला चालणाऱ्या किती गाड्यांची मीटरं बंद पडून वर्षं झाली, गाड्या चालूच आहेत.

एक सांगायचं राहिलं, घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लालीकडं जायलाय का, पाणी कमी होतंय का ते तुम्ही लिहिलं नाही. तसं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, गाडी चालवू नका, आधी रेडिएटर आणि हेड गॅस्केट. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे तुम्हाला माहीतच असणार.

आईची पुढची तारीख जवळ असेल तर या वेळी एसटीनं जा किंवा कुणाची गाडी सांगा. घाटात वळणावर गाडी थांबली आणि मागं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन असला तर काय होतं ते धारूरवाल्यांना मी सांगायला नको.

रविवारी होजच्या खालून हात फिरवा. बोटाला काळं किटण लागलं तर नवा होज आणि दोन चांगले क्लॅम्प घ्या, जुना तारेनं बांधून नका ठेवू, आणि बसवल्यावर रेस देऊन शिटी परत आली का तेवढं कळवा.